देवाशी बांधलेली मुलगी: हे मांगा पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

जपानी मांगात, म्हणजे तिथल्या चित्रकथांत, एक कथा पुन्हा पुन्हा भेटते. साधीसुधी शाळकरी मुलगी, तिच्या वाटेत आलेला एखादा देव, आणि दोघांमध्ये असं काही होऊन बसतं की आता एकमेकांना टाळता येत नाही. मुखपृष्ठ बघून वाटतं, प्रेमकथा आहे. असतेही. पण नव्या वाचकाने प्रेमाची घाई करू नये. आधी करार बघावा. बांधलं कोणी, कोणाला बांधलं, बदल्यात काय ठरलं, आणि गाठ सोडायचा हक्क कोणाकडे आहे? हे चार प्रश्न हाताशी असले की वरवर एकसारख्या दिसणाऱ्या कथा किती वेगळ्या आहेत ते कळायला लागतं. नाहीतर तिसऱ्या खंडापर्यंत सगळे देव सारखेच देखणे आणि सारखेच तुसडे वाटतात.

पायरी १: तिनातलं एक निवडा

या प्रकारात मालिका ढिगाने आहेत. सुरुवातीला तीन पुरेत.

पहिली 'कामिसामा किस'. लेखिका-चित्रकार ज्युलिएटा सुझुकी. 'हाना तो युमे' या मुलींच्या मांगा-पाक्षिकात २००८ ते २०१६ या काळात चालली, एकूण २५ खंड. हलकीफुलकी, विनोदी, आणि मधूनच घशात आवंढा आणणारी.

दुसरी 'नोरागामी'. 'अदाचितोका' हे दोन चित्रकर्तींनी मिळून घेतलेलं नाव. २०१० च्या अखेरीस सुरू झाली, २०२४ च्या जानेवारीत संपली, २७ खंड. ही मुलग्यांच्या मासिकातली, त्यामुळे मारामारी भरपूर. पण खरी ताकद मारामारीत नाही.

तिसरी 'द वॉटर ड्रॅगन्स ब्राइड', रेई तोमा यांची. फक्त ११ खंड. तिघींत सर्वांत छोटी आणि सर्वांत जड.

माझा सल्ला विचाराल तर 'कामिसामा किस'ने सुरुवात करा. लहान म्हणून 'वॉटर ड्रॅगन' आधी उचलाल, तर पहिल्याच खंडात एका लहान मुलीला तळ्यात सोडलेलं बघावं लागेल. हा प्रकार नेहमी असाच असतो असं वाटून पुस्तक मिटवाल.

पायरी २: मिळवायचं कुठून

तिन्ही मालिका आपल्याला इंग्रजीतूनच वाचाव्या लागतात. 'कामिसामा किस' आणि 'वॉटर ड्रॅगन' विझ मीडियाने काढल्यात, 'नोरागामी' कोदान्शाने. ऑनलाइन दुकानांत छापील खंड मिळतात, पण सगळे खंड एकाच वेळी मिळतील याची खात्री नाही. म्हणून पहिले दोनच घ्या, आवडलं तर पुढचे. फोनवर किंवा टॅबवर वाचणाऱ्यांसाठी डिजिटल खंड असतात. चोरीच्या साइटवर फुकट वाचता येतं हे सगळ्यांना माहीत आहे. तिथलं भाषांतर बऱ्याचदा इतकं घाईचं असतं की देव काय अट घालतोय हेच कळत नाही, आणि या कथांमध्ये सगळं त्या अटीवर उभं असतं.

पायरी ३: पान धरायचं कसं

मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. आपण ज्याला मलपृष्ठ म्हणू तिथून पुस्तक उघडतं. पानावर उजव्या वरच्या कोपऱ्यातली चौकट आधी, मग तिच्या डावीकडची, मग खालची ओळ. चौकटीतले संवादांचे फुगेही उजवीकडून. दहा-बारा पानं अडखळायला होतं, मग डोळा बसतो.

आणखी दोन खुणा लक्षात ठेवा. चौकटींमधली मोकळी जागा एरवी पांढरी असते. ती काळी झाली की बहुतेक वेळा जुनी आठवण किंवा भूतकाळ सुरू झालाय असं समजायचं. 'कामिसामा किस'मध्ये पुढे पाचशे वर्षांपूर्वीचा काळ येतो, तेव्हा ही खूण फार कामाला येते. दुसरं, मुलींच्या मासिकांतल्या मांगात मनातले विचार फुग्याशिवाय, चित्रावर नुसतेच तरंगत असतात. चौकटीही कधी कधी नाहीशा होतात, मागे फुलं किंवा नुसती पांढरी जागा उरते. ती सजावट म्हणून सोडून देऊ नका. तिथे पात्राच्या मनात काहीतरी हललेलं असतं.

पायरी ४: 'कामिसामा किस'चं पहिलं प्रकरण सावकाश वाचा

हे प्रकरण म्हणजे या सगळ्या प्रकाराची उजळणी आहे, म्हणून इथे जरा रेंगाळू.

नानामी मोमोझोनो शाळेत जाणारी मुलगी. बाप जुगारी. तो कर्ज मागे ठेवून पळालाय आणि वसुलीवाल्यांनी तिला घराबाहेर काढलंय. ती बागेत बसलेली असताना एक माणूस कुत्र्याच्या भीतीने झाडावर चढलेला दिसतो. ती कुत्र्याला हाकलते. माणूस खाली उतरतो, तिची कहाणी ऐकतो आणि म्हणतो, माझं घर घे. तिच्या कपाळाचं चुंबन घेतो, हातात पत्ता देतो. ती पत्त्यावर जाते तर तिथे एक पडकं देऊळ.

आता करार बघा. त्या माणसाचं नाव मिकागे, आणि तो त्या जागेचा देव आहे. वीस वर्षांपूर्वी देऊळ सोडून गेलेला. कपाळावर चुंबनाने जी खूण उमटली, तिच्याबरोबर देवपणच नानामीकडे आलं. म्हणजे इथे मुलगी देवाला वाहिलेली नाही, तीच देव झाली आहे. तेही कोणी नीट न सांगता, न विचारता. राहायला छप्पर मिळालं आणि छपराबरोबर सगळ्या गावाचे नवस गळ्यात पडले.

देवळात आहे तोमोए, कोल्ह्याचा योकाई (जपानी भुताखेतांतला एक), मिकागेचा सेवक. वीस वर्षं एकट्याने देऊळ राखलंय. त्याला ही पोर मालकीण म्हणून अजिबात नको आहे. तो तोंडावर सांगतो आणि निघून जातो. देव आणि सेवक यांचा करार चुंबनाने होतो, आणि एकदा झाला की देवाचा शब्द सेवकाला मोडता येत नाही. पुढे नानामीचा जीव धोक्यात येतो तेव्हा ती हा करार त्याच्यावर लादते. हो, लादते. रोमँटिक पान वाटतं ते, पण नीट बघितलं तर त्या क्षणी ताकद तिच्या बाजूला गेलेली असते. ती नुसतं 'थांब' म्हणाली तरी हा शेकडो वर्षांचा कोल्हा जागच्या जागी थिजतो.

सगळे २५ खंड या गाठीवर चालतात. तोमोए तिचं ऐकतो ते करारामुळे की मनापासून? आणि हे कळायचं असेल तर करार मोडून बघावा लागेल का? ओनिकिरी आणि कोतेत्सु ही देवळातली दोन छोटी भुतं नानामीला भाविकांचे नवस वाचून दाखवतात, तोही प्रसंग घाईत वाचू नका. देव होणं म्हणजे जादू करणं असं तिला वाटत असतं. तिला काम पडतं ते लोकांचं ऐकत बसण्याचं. मिकागेचं देऊळ लग्न जुळवणाऱ्या देवाचं आहे, त्यामुळे येणारे बहुतेक जण प्रेमाचंच गाऱ्हाणं घेऊन येतात.

पायरी ५: देवळाचं सामान ओळखून घ्या

फार नाही, एवढं पुरेल.

तोरी म्हणजे देवळापुढची दोन खांबांची कमान. तिच्या आत देवाची हद्द. अनेक प्रसंगांत कोण कमानीच्या आत आहे आणि कोण बाहेर यावर पुढचं सगळं ठरतं.

ओफुदा म्हणजे देवळातला मंत्रलिखित कागद. नानामीकडे हेच एक हत्यार आहे. ती कोऱ्या पट्टीवर शब्द लिहिते आणि चिकटवते. सुरुवातीला तिचं बळ इतकं कमी असतं की अर्ध्या गोष्टी फसतात.

योकाई म्हणजे भूत, राक्षस, प्राणी, जुन्या वस्तूंचे आत्मे, सगळं एकाच पिशवीत. ते वाईटच असतात असं नाही. कोल्हा हा जपानमध्ये इनारी या धान्यदेवतेचा दूत मानतात. क्योतोच्या फुशिमी इनारी देवळात जागोजाग कोल्ह्यांच्या मूर्ती आहेत. तोमोए मात्र इनारीचा नव्हे, रानटी कोल्हा आहे आणि त्याचा पूर्वेतिहास रक्ताने भरलेला आहे.

इझुमो हे नाव पुढे येईल. जुन्या पंचांगातल्या दहाव्या महिन्यात जपानभरचे देव इझुमोच्या मोठ्या देवळात जमतात अशी समजूत आहे. एरवी देवळात दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून, एकदा वाकतात. इझुमोला टाळ्या चार. देवांचं हे संमेलन मांगात येतं आणि नानामीला तिथे कोणी देव म्हणून मोजायलाच तयार नसतं. मालिकेतला हा माझा आवडता भाग.

जागेचा देव ही कल्पना मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. ग्रामदेवता आपल्याकडेही वेशीच्या आतली असते, तिचं राज्य तेवढंच आणि रोजची कटकटही तेवढीच. म्हणूनच मिझुकी या पात्राची गोष्ट आपल्याला जरा जास्त लागते. तो पांढरा साप, एका देवीचा सेवक. धरण झालं, गाव उठलं, देऊळ पाण्याखाली गेलं, भाविक संपले आणि देवीही नाहीशी झाली. हा मात्र बुडालेल्या देवळात एक प्लमचं झाड सतत फुललेलं ठेवून बसलाय. उजनीचं पाणी उतरलं की वर येणारं पळसदेवचं देऊळ ज्यांनी पाहिलंय त्यांना हे प्रकरण वाचताना वेगळं काही सांगायला नको.

पायरी ६: दुसरी मालिका उघडा आणि तेच चार प्रश्न विचारा

'नोरागामी'त हियोरी इकी नावाची मुलगी रस्त्यात बससमोर आलेल्या एका तरुणाला ढकलते आणि स्वतः धडक खाते. तरुण म्हणजे यातो, ट्रॅकसूट घालून फिरणारा, स्वतःचं एकही देऊळ नसलेला भणंग देव. भिंतींवर आपला फोन नंबर लिहितो आणि पाच येनमध्ये कोणतंही काम करतो. हरवलेली मांजर शोधण्यापासून मोरी घासण्यापर्यंत. अपघातानंतर हियोरीचा आत्मा वाटेल तेव्हा शरीरातून निसटायला लागतो. ती यातोला म्हणते, हे बरं कर. आणि पाच येनचं नाणं देते.

इथे गाठ बघा कशी आहे. ती गिऱ्हाईक आहे, तो कामाचे पैसे घेतलेला देव. काम झालं की संबंध संपला. म्हणून काम होत नाही तोवरच दोघं बरोबर. यातोलाही ते उमगलेलं असतं आणि हियोरीलाही हळूहळू उमगतं. कोणीच तसं बोलून दाखवत नाही. शिवाय या जगात देवाला कोणी आठवलं नाही तर तो संपतो, आणि माणसं देवाला सहज विसरतात. हियोरी विसरली तर? सगळी मालिका या भीतीवर उभी आहे.

यातोची आणखी एक गाठ आहे. देवाचं शस्त्र म्हणजे मेलेल्या माणसाचा आत्मा. देव त्याला नाव देतो, ते नाव त्याच्या अंगावर उमटतं आणि तो देवाच्या हातात तलवार होतो. पण त्या आत्म्याने मनात पाप आणलं तर वेदना देवाला होतात. युकिने हा पोरगा असं शस्त्र म्हणून आल्यावर यातोची जी अवस्था होते, ते वाचताना बांधलेला नेमका कोण, हा प्रश्न उलटा फिरतो.

या मालिकेत काही ओळखीचे पाहुणे भेटतील. बिशामोन ही युद्धदेवता म्हणजे मूळचा आपला वैश्रवण, अर्थात कुबेर. बौद्ध धर्माबरोबर तो चीनमार्गे जपानला पोचला. जपानी परंपरेत तो पुरुष आहे, 'नोरागामी'ने त्याची बाई केली आहे. तसाच दाइकोकुतेन हा महाकाळापासून आलेला आणि बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती. पण नावावर जाऊ नका. 'नोरागामी'तला दाइकोकू देव नाहीच, तो कोफुकु या दारिद्र्याच्या देवीचा सेवक आहे. तेन्जिन या देवाची गोष्ट तर इतिहासातली आहे. सुगावारा नो मिचिझाने हा विद्वान दरबारी खोट्या आरोपावरून हद्दपार झाला, ९०३ साली मेला. नंतर राजधानीत आपत्ती कोसळल्या, लोकांना वाटलं त्याचाच कोप, आणि त्याला देव करून शांत केलं. आज जपानमधली मुलं परीक्षेच्या आधी त्याच्याच देवळात जातात.

पायरी ७: 'वॉटर ड्रॅगन'ला हात घालण्याआधी

असाही ही लहान मुलगी घरच्या बागेतल्या तळ्यात ओढली जाते आणि जुन्या काळातल्या दुसऱ्याच जगात पोचते. सुबारू नावाचा मुलगा तिला गावात आणतो. त्याच्या आईला ही परकी पोर डोळ्यांत खुपते आणि गावकरी मिळून तिला जलदेवाला अर्पण करतात. जलदेवाला माणसाच्या भावनांशी काही घेणंदेणं नाही. तो तिचा आवाज काढून घेतो.

चार प्रश्नांची उत्तरं इथे अंगावर येतात. बांधलं गावाने. बांधली ती एक पोर. बदल्यात तिला काहीच नाही. आणि देवाने तर तिला मागितलंच नव्हतं. रेई तोमांची करामत ही, की पुढे देवाला हळूहळू माणूसपण कळायला लागतं तरी मूळ गुन्ह्यावर पांघरूण पडत नाही. चित्रं अतिशय नाजूक आहेत, पाणी आणि केस यांच्या रेषा एकमेकांत मिसळतात. त्या सौंदर्याने भुलू नका एवढंच.

महाराष्ट्रात ही गोष्ट निव्वळ फँटसी म्हणून वाचणं मला जमत नाही. देवाला सोडलेल्या मुली, खंडोबाच्या मुरळ्या, यल्लम्माच्या जोगतिणी ही आपल्याकडची जिवंत माणसं. देवदासी प्रथा बंद करणारा महाराष्ट्राचा कायदा २००५ चा आहे. मुलगी देवाची म्हणायची आणि राबवायची माणसांनी, हा व्यवहार रेई तोमांच्या गावातही तसाच चालतो. कथेत निदान देव खरोखर समोर येतो आणि त्याला जाब विचारता येतो.

जपानच्या दंतकथांमध्येही असे बळी आहेत. फुकुई प्रांतातल्या मारुओका किल्ल्याची दगडी जोती टिकेनात, तेव्हा ओशिझू नावाच्या एका डोळ्याने अधू विधवेने स्वतःला गाडून घ्यायचं कबूल केलं. अट एकच, मुलाला सामुराई करा. किल्ला उभा राहिला, मुलगा सामुराई काही झाला नाही. दरवर्षी वसंतातल्या पावसाने खंदक भरून वाहायचा, त्याला लोक ओशिझूचे अश्रू म्हणायचे. अट पाळली गेली का, हे या कथांमध्ये नेहमी शोधा.

पायरी ८: जुनी मुळं (हवं असेल तरच)

'कोजिकी' हा ७१२ सालचा ग्रंथ. त्यात इकुतामायोरी नावाच्या मुलीकडे रोज रात्री एक देखणा पुरुष येतो. ती गरोदर राहते, पण तो कोण हे तिला माहीत नसतं. आईबाप सांगतात, बिछान्याजवळ लाल माती पसर आणि सुईत दोरा ओवून त्याच्या कपड्याच्या काठाला टोच. सकाळी बघतात तर दोरा दाराच्या कडीच्या भोकातून बाहेर गेलेला, घरात फक्त तीन वेढे उरलेले. दोऱ्यामागून जातात तर तो मिवा डोंगरावरच्या देवळापाशी संपतो. पाहुणा म्हणजे डोंगराचा देव. नारा प्रांतातल्या त्या ओमिवा देवळात आजही मूर्तीचा गाभारा नाही, डोंगरालाच देव मानतात.

त्याच देवाची दुसरी गोष्ट ७२० सालच्या 'निहोन शोकी'त आहे, आणि ती फार क्रूर आहे. बायको म्हणते, मला एकदा दिवसा तोंड दाखव. देव म्हणतो, उद्या तुझ्या फणीच्या पेटीत असेन, घाबरू मात्र नको. ती पेटी उघडते तर आत छोटासा सुंदर साप. ती किंचाळते. देव लाजून डोंगरावर निघून जातो, पुन्हा येत नाही, आणि ती जीव गमावते. तिची म्हणून दाखवतात ती हाशिहाका समाधी साकुराई गावात आहे, जवळपास २८० मीटर लांब.

या दोन गोष्टी वाचून मग मिझुकीचं प्रकरण पुन्हा काढा. देवाचा दूत साप का, आणि नानामी त्याला बघून काय करते, हे दुसऱ्या वाचनात वेगळं दिसतं.

पायरी ९: ॲनिमे आधी की नंतर?

'कामिसामा किस'च्या ॲनिमेचे, म्हणजे चलचित्र मालिकेचे, दोन सीझन आहेत, २०१२ आणि २०१५ चे. तोमोएच्या भूतकाळाचा भाग नंतर वेगळ्या ओव्हीएमध्ये, म्हणजे टीव्हीऐवजी थेट डिस्कवर काढलेल्या भागांत, आला. ॲनिमे गोड आहे आणि सोबतीला चांगलं, पण बरंच गाळलेलं आहे. 'नोरागामी'चेही दोन सीझन, २०१४ आणि २०१५. दुसऱ्याचं नाव 'अरागोतो'. त्यात बिशामोनचा भाग उत्तम उतरलाय. मात्र मांगा तिथून खूप पुढे जातो आणि यातोच्या बापाचं प्रकरण खऱ्या अर्थाने तिथेच उलगडतं. ॲनिमे आधी पाहिलं असेल तरी 'नोरागामी'चा मांगा पहिल्या खंडापासूनच वाचा, मधूनच उडी मारू नका. हियोरीने दिलेलं पाच येनचं नाणं कोणाकडे, कुठे आहे याचा माग ठेवायचा तर सुरुवात चुकवून चालत नाही.